कळसूबाईवर फोन १५८२ मीटर का दाखवतो? लोकेशनबद्दल काही प्रश्न

घाटवाटकर (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी भाच्याला घेऊन बारी गावातून कळसूबाई केली. देवळापाशी बसलो आणि फोन काढला. बॅटरी वाचावी म्हणून फ्लाइट मोड चालू होता, तरी आधी उतरवून ठेवलेल्या नकाशावर निळा ठिपका बरोबर शिखरावर होता. उंची मात्र १५८२ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर हे शाळेपासून पाठ आहे. भाच्याच्या फोनवर दुसरं ॲप होतं, त्यात १६४४. दोघं एकाच पायरीवर बसलेलो, मग माझ्या फोनने चौसष्ट मीटर कुठे घालवले?

दुसरी गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. सामरदहून सांधण दरीत उतरलो होतो. दरीच्या तळाशी चालत असताना ठिपका वरच्या पठारावर दिसायचा, मधेच उडी मारून पलीकडच्या कड्यावर जायचा. त्या दिवशी वाट चुकण्याचा प्रश्न नव्हता, दरीत एकच वाट आहे. पण एखाद्या अनोळखी नाळेत (चिंचोळ्या घळीत) असं झालं असतं तर?

मी वर्षाला वीसेक ट्रेक करतो आणि आता बरोबरची मंडळी माझ्यापेक्षा माझ्या फोनवर जास्त विसंबतात. म्हणून हे नीट समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

सातारी_माई

छान धागा. माझाही एक प्रश्न जोडते. उपग्रहाला आपण दिसतो आणि तो फोनला कळवतो, असंच ना? मग आपण कुठे आहोत हे त्या अमेरिकेच्या उपग्रहाला सतत कळत असणार. मुलगी पुण्यात एकटी राहते, त्यामुळे मनात येतं.

निवृत्त_बिनतारी

माई, आधी तुमच्या प्रश्नाचं, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. उपग्रहाला आपण दिसत नाही. त्याला तुमच्या फोनचा पत्ताच नाही. तो आकाशवाणीसारखा बोलत राहतो आणि फोन रेडिओसारखा ऐकतो. ऐकणारा एक असो की अब्ज, उपग्रहाला फरक पडत नाही. म्हणूनच घाटवाटकरांच्या फोनला फ्लाइट मोडमध्येही जागा कळली. ऐकायला सिमकार्ड लागत नाही, रेंजही लागत नाही. (जुन्या काही फोनमध्ये फ्लाइट मोड जीपीएसही बंद करायचा, आताच्या फोनमध्ये तसं होत नाही.)

उपग्रह बोलतो काय? दोनच गोष्टी: "मी आत्ता इथे आहे" आणि "माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत". पावसाळ्यात वीज चमकली की आपण गडगडाट होईपर्यंत आकडे मोजतो आणि वीज किती लांब पडली ते ठरवतो. फोन तेच करतो, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी घेऊन. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून संदेश खाली यायला साधारण ०.०७ सेकंद लागतात. किती वेळ लागला ते कळलं की अंतर कळलं. एका उपग्रहाचं अंतर कळलं म्हणजे तुम्ही त्याच्याभोवतीच्या एका प्रचंड गोलावर कुठेतरी आहात. दुसरा गोल पहिल्याला छेदतो, तिसरा त्या दोघांना, आणि जागा सापडते.

पण तिघांनी भागत नाही, चार लागतात, आणि मला यातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. उपग्रहात अणुघड्याळं आहेत. आपल्या फोनमध्ये स्वस्त क्वार्ट्झ. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटर. फोनचं घड्याळ इतकं अचूक कधीच नसतं. म्हणून फोन "माझं घड्याळ किती चुकलंय" हेच चौथं अज्ञात धरतो आणि चौथ्या उपग्रहाकडून ते समीकरण सोडवतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ, अशी चार अज्ञातं, चार समीकरणं. जागेबरोबर फोनला अणुघड्याळाची वेळही फुकट मिळते.

अणुघड्याळाचंही एक आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार वर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने ते दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. उरले ३८. तेवढ्यानेही उपग्रहापासूनच्या अंतरात दिवसाकाठी ११ किलोमीटरची चूक साठली असती. म्हणून ती घड्याळं जमिनीवर असतानाच किंचित मंद लावून वर पाठवतात. १९७८ साली पहिला जीपीएस उपग्रह गेला तेव्हापासून हे चाललं आहे. मी आयुष्यभर बिनतारी यंत्रांवर काम केलं, पण हे वाचलं त्या दिवशी जेवताना घरी सगळ्यांना सांगत बसलो होतो.

आणखी एक. उपग्रहाचा ट्रान्समीटर जुन्या पिवळ्या बल्बच्या ताकदीचा. खाली येईपर्यंत तो संदेश आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटाखाली दबलेला असतो. शिवाय जीपीएसचे सगळे उपग्रह एकाच फ्रिक्वेन्सीवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात. मग फोनला ऐकू कसं येतं? वारीत पन्नास दिंड्या एकदम गात असतात, पण तुम्हाला पाठ असलेला अभंग कान बरोबर उचलतो. प्रत्येक उपग्रहाचा १०२३ ठोक्यांचा स्वतःचा 'अभंग' आहे आणि तो फोनला पाठ आहे. गोंगाटात फोन तो ताल जुळवून पाहत राहतो.

शिखरवेडी

काका, वाचनखूण साठवली! एक शंका. हरिश्चंद्रगडावर दोन दिवस फोन बंद ठेवला होता. तिसऱ्या दिवशी चालू केला तर लोकेशन यायला बराच वेळ लागला. घरी मात्र क्षणात येतं.

निवृत्त_बिनतारी

कारण "मी आत्ता इथे आहे" हे सांगायला उपग्रहाला वेळ लागतो. त्याचा माहिती पाठवण्याचा वेग सेकंदाला ५० बिट, जुन्या तारयंत्रासारखा. स्वतःच्या कक्षेचा नेमका तपशील सांगून पूर्ण व्हायला ३० सेकंद, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग सांगायला साडेबारा मिनिटं. कक्षेचा तपशील काही तासांत शिळा होतो. तुमच्या फोनकडे काहीच ताजं नव्हतं, त्याला सगळं आकाशातून ऐकून घ्यावं लागलं. मधेच झाडाखाली गेलात आणि एक तुकडा निसटला तर पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं.

घरी इंटरनेट असतं. फोन तीच माहिती नेटवरून घेतो आणि लगेच ताल जुळवायला बसतो. याला असिस्टेड जीपीएस म्हणतात. त्यामुळे ट्रेकला निघताना पायथ्याच्या गावात, रेंज असतानाच नकाशा एकदा उघडून ठिपका स्थिर होऊ द्या. वर बराच वेळ वाचतो.

मोजणीदार

उंचीच्या प्रश्नावर मी लिहितो, माझं काम त्यातलं आहे.

घाटवाटकर, तुमचा फोन चुकला नाही. भाच्याचाही नाही. दोघं वेगवेगळ्या तळापासून मोजत आहेत.

कळसूबाईची १६४६ मीटर ही उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. जीपीएसला मात्र समुद्र माहीत नाही. तो पृथ्वीला एक गुळगुळीत, ध्रुवांपाशी चपटा गणिती गोल समजतो (त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात) आणि त्या गोलापासून उंची सांगतो. खरी समुद्रसपाटी अशी गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सारखं वाटलेलं नसल्याने गुरुत्वाकर्षण जागोजागी कमीजास्त आहे आणि समुद्राचं पाणी त्याप्रमाणे कुठे फुगलेलं, कुठे दबलेलं आहे. या वरखाली पृष्ठभागाला जिऑइड म्हणतात. आणि जगातला सगळ्यात खोल खड्डा आपल्याच शेजारी आहे: श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्रसपाटी त्या गणिती गोलापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. त्या खड्ड्याचा उतार आपल्या सह्याद्रीपर्यंत पोचतो. आपल्याकडे फरक साधारण साठ ते सत्तर मीटरचा. तुमचे चौसष्ट तिथे गेले.

अँड्रॉइड फोन ॲपला देतो ती उंची मुळात गणिती गोलापासूनची असते. चांगली ॲपं त्यात जिऑइडची दुरुस्ती करून समुद्रसपाटीची उंची दाखवतात, काही तसाच कच्चा आकडा दाखवतात. अलिबागच्या किनाऱ्यावर वाळूत उभं राहून कच्चा आकडा पाहिलात तर उणे साठच्या घरात दिसेल. ॲपच्या सेटिंगमध्ये बहुधा पर्याय सापडेल.

तसंही उंचीचा आकडा जागेच्या आकड्यापेक्षा डळमळीतच असतो. पूर्व-पश्चिमेला उपग्रह दोन्ही बाजूंना असतात, चुका एकमेकींना तोलतात. वर-खालीच्या बाबतीत सगळे उपग्रह वरच, खालून कुणी नाही, खाली तर पृथ्वी आहे. काही फोनांत हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो, तो चढ-उतार फार छान पकडतो, मात्र हवामान बदललं की त्याचाही आकडा सरकतो.

घाटवाटकर

मोजणीदार, आज खरंच डोळे उघडले. सेटिंगमध्ये पर्याय सापडला. इतकी वर्षं प्रत्येक गडाची उंची मी 'फोन थोडी कमीच दाखवतो' म्हणून सोडून देत होतो. सांधणचं काय असेल?

निवृत्त_बिनतारी

सांधणमध्ये दोन अडचणी एकत्र येतात. दोन्ही बाजूंना सरळसोट भिंती, वर आकाशाची एक पट्टी. त्या पट्टीत जितके उपग्रह असतील तेवढेच थेट दिसणार, तेही जवळपास एका ओळीत. एका ओळीतले उपग्रह ओळीच्या दिशेने जागा बरी सांगतात, आडव्या दिशेने फार वाईट. आणि दुसरी अडचण प्रतिध्वनीची. कोकणकड्यावर हाक मारली की ती परत येते, तसा भिंतीमागच्या उपग्रहाचा संदेश समोरच्या कड्यावर आपटून तुमच्यापर्यंत येतो. तो लांबच्या वाटेने आला हे फोनला कळत नाही. तो अंतर जास्त धरतो आणि तुम्हाला पठारावर नेऊन ठेवतो. मुंबईत उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर गाडी शेजारच्या गल्लीत दिसते, तेही याचमुळे.

नव्या फोनांत यावर एक उतारा आहे. २०१८ मध्ये शाओमीचा मी ८ आला, तो दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारा पहिला फोन. आता मधल्या किमतीच्याही बऱ्याच फोनांत ही सोय असते. दुसरी फ्रिक्वेन्सी एल ५, ११७६.४५ मेगाहर्ट्झ. तिचा ताल जुन्यापेक्षा दहापट जलद असतो, त्यामुळे मूळ हाक आणि प्रतिध्वनी वेगळे ओळखायला सोपं जातं. पण सांधणसारख्या जागी त्यानेही चमत्कार होणार नाही. तिथे ठिपक्यापेक्षा त्याच्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ बघा. ते मोठं झालं म्हणजे फोन तुम्हाला सांगतोय, "मला खात्री नाही, या वर्तुळात कुठेतरी." मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन पाच मीटरच्या आसपास अचूक असतो. वर्तुळ पन्नास मीटरचं असेल तर कड्याच्या काठावर ठिपक्याच्या भरवशावर एकही पाऊल टाकू नका.

शेतशिवार

वाचतोय. आमच्याकडचा अनुभव देतो. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या गटाच्या बांधावरून वीस वर्षांचा वाद आहे. त्यांच्या मुलाने फोनवर ॲप लावून बांधावरून चक्कर मारली आणि म्हणाला, तुम्ही चार मीटर आमच्यात आलात. क्षेत्रही काढून दाखवलं. आमच्या आबांचं त्या दिवसापासून जेवणात लक्ष नाही. फोनचं हे धरायचं का?

मोजणीदार

नाही. दादा, हे आबांना आजच सांगा. फोनची स्वतःची चूकच मोकळ्या रानात पाच मीटरची, बांधावर आंबा किंवा बाभूळ असेल तर त्याहून जास्त. चार मीटरचा निवाडा तो देऊच शकत नाही. त्याच मुलाने तीच चक्कर संध्याकाळी मारली तर रेघ दुसरीकडे पडेल. तुम्ही स्वतः करून बघा, सकाळ-दुपार-संध्याकाळ, तीन रेघा येतील. शिवाय सॅटेलाइटचा फोटो आणि त्यावर बसवलेला गावनकाशा यांच्यातही सरक असू शकते.

भूकरमापक आता रोव्हर नावाचं मोजणीचं यंत्र घेऊन येतात, तेही उपग्रहच ऐकतं. मग ते सेंटीमीटरपर्यंत कसं जातं? दोन कारणं. ते नुसता ताल मोजत नाही, रेडिओलहरीचा एकेक हेलकावा मोजतं, आणि एक हेलकावा साधारण १९ सेंटीमीटरचा. दुसरं, त्याला जमिनीवरच्या पक्क्या स्थानकाची साथ असते. त्या स्थानकाची जागा नेमकी माहीत असते, त्यामुळे उपग्रहाच्या आणि हवेच्या थरांच्या चुका किती आहेत ते त्याला दर क्षणी कळतं आणि ते रोव्हरला कळवतं. सर्व्हे ऑफ इंडियाची अशी कॉर्स स्थानकं आहेत. मोजणीचा अर्ज करा. त्याआधी कुणीही खुंट हलवू नये.

पिकाच्या पाहणीचा फोटो काढतानाही हेच ध्यानात ठेवा: झाडाखालून बाहेर, गटाच्या मधोमध उभं राहा, वर्तुळ लहान होईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा, मग फोटो.

डोंबिवलीकर_आता_पुण्यात

माझा वेगळाच अनुभव. मार्चमध्ये घर बदललं. नव्या घरी, कोथरूडमध्ये, वायफाय लावलं आणि दोन आठवडे घरात बसलं की फोन मला डोंबिवलीत दाखवायचा! बाहेर पडलं की पुण्यात. बायकोला वाटलं मी सामान आणायच्या निमित्ताने परत गेलो.

निवृत्त_बिनतारी

तुम्ही राउटर बरोबर आणलात ना? तोच डोंबिवली सांगत होता.

घरात स्लॅबखाली उपग्रह जवळजवळ ऐकू येत नाहीत. मग फोन आजूबाजूची वायफाय बघतो. प्रत्येक राउटरला जन्मजात एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक कुठे ऐकू येतो याच्या मोठ्या याद्या गूगल, ॲपलसारख्या कंपन्यांकडे आहेत. रस्त्यावरून जाणारे फोन एकीकडे जीपीएस ऐकतात, एकीकडे वायफाय, त्यातून त्या याद्या बनतात. तुमचा राउटर यादीत डोंबिवलीचा रहिवासी होता. कोथरूडमधले पुरेसे फोन त्याच्या जवळून गेले तेव्हा यादी सुधारली. वायफायला जोडलेलं असण्याचीही गरज नसते, नुसतं ऐकू आलं तरी पुरतं. अँड्रॉइडमध्ये वायफाय बंद असतानाही हे ऐकणं चालू राहू शकतं, लोकेशनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय स्कॅनिंग' म्हणून वेगळं बटण असतं.

वायफायही नसेल तर मोबाईलचे टॉवर. त्यांचा अंदाज शहरात काही शे मीटर, गावाकडे काही किलोमीटर. आपण जिला 'लोकेशन' म्हणतो ती उपग्रह, वायफाय, टॉवर आणि फोनमधल्या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरांची अशी मिसळ आहे. बोगद्यात ठिपका थोडा वेळ पुढे सरकत राहतो तो अशाच अंदाजावर. नकाशावर तुम्ही ज्या दिशेला तोंड करून आहात तो झोत मात्र चुंबकसूचीवरून येतो. गाडीच्या लोखंडाजवळ तो भरकटतो, तेव्हा फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा.

खगोलमित्र_ठाणे

नाविक या आपल्या भारतीय उपग्रह-यंत्रणेचा उल्लेख राहिला म्हणून लिहितो. आपले फोन आता एकट्या जीपीएसवर नाहीत. रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइडू आणि आपलं नाविक. जितके जास्त उपग्रह, तितकी सांधणसारख्या चिंचोळ्या आकाशात चौघं सापडायची शक्यता जास्त. नाविकची रचना मला फार आवडते. मूळ आराखडा सात उपग्रहांचा, जवळपास ३६,००० किलोमीटरवर, तीन विषुववृत्तावर स्थिर आणि चार आपल्या रेखांशाच्या आसपास आकाशात आठचा आकडा काढणारे. जीपीएसचे उपग्रह दिवसातून दोनदा पृथ्वी फिरतात आणि मावळतात, नाविकचे भारताच्या आकाशातच राहतात.

पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. पुढे काही उपग्रहांतली परदेशी अणुघड्याळं बंद पडली, तो मोठा धक्का होता. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्या नव्या उपग्रहात भारतात बनवलेलं रुबिडियमचं अणुघड्याळ आहे, आणि तो एल १ फ्रिक्वेन्सीवरही (काकांनी सांगितलेली जीपीएसची १५७५.४२ मेगाहर्ट्झ) बोलतो. आधीचे उपग्रह एल ५ आणि एस बँड नावाच्या वेगळ्या पट्ट्यावर होते, म्हणून दोन फ्रिक्वेन्सीच्या फोनांनाच नाविक ऐकू यायचं. उपग्रह दाखवणारं एखादं फुकट ॲप घेऊन गच्चीवर जा, यादीत भारताचा झेंडा दिसतो का पाहा.

सातारी_माई

म्हणजे उपग्रहाला माझी मुलगी दिसत नाही, हे समजलं. मग तिच्या फोनवर तिच्याच रस्त्यावरच्या दुकानांच्या जाहिराती कशा येतात?

शिखरवेडी

माई, ऐकतो फोन, पण पुढे पाठवतं ते ॲप. जागा फोनला कळली की ज्या ज्या ॲपला आपण परवानगी दिली ते तो आकडा इंटरनेटवरून आपल्या कंपनीकडे नेऊ शकतं. म्हणून मुलीला सांगा, सेटिंगमध्ये लोकेशनच्या परवानग्यांची यादी उघड आणि एकेक ॲप बघ. बहुतेकांना 'ॲप वापरत असतानाच' पुरे. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून नेमकी जागा न देता अंदाजे परिसर देण्याचा पर्याय आहे, हवामानाच्या ॲपला तेवढंच द्यावं. टॉर्चच्या ॲपला काहीच देऊ नये. कॅमेऱ्यातही पाहा: लोकेशन चालू असेल तर घरी काढलेल्या फोटोच्या आत घराचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात, मूळ फाइल कुणाला पाठवली की तेही जातात.

आणि लोकेशन बंद केलं तरी मोबाईल कंपनीला आपण कुठल्या टॉवरखाली आहोत हे कळतंच, त्याशिवाय फोन वाजणार कसा.

दोरखंड

मी डोंगरात शोध आणि बचावाच्या कामाला जातो, म्हणून हे मनापासून लिहितो. कृपया सगळ्यांनी वाचा.

अडकलेली माणसं आम्हाला व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला जातात. त्याला नेट लागतं. नेट नसतं, गोल फिरत राहतो, आणि रेंज शोधता शोधता फोन संपतो. जीपीएसपेक्षा रेंज शोधण्यातच बॅटरी जास्त जाते. असं करा: फ्लाइट मोड लावा, आकाश मोकळं दिसेल अशा सुरक्षित जागी बसा, वर्तुळ लहान होऊ द्या, अक्षांश-रेखांशाचे आकडे कागदावर किंवा हातावर लिहून घ्या. मग रेंज येईल तिथे साधा एसएमएस करा. एक काडी रेंजवरही एसएमएस निघतो. ११२ ला लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या टॉवरवरून हा फोन जाऊ शकतो. आणि आकडे तोंडी सांगा.

आकडे सांगताना एक घोटाळा हमखास होतो. कळसूबाई १९ अंश ३६ मिनिटांवर आहे. तेच दशांशात १९.६०१. घाबरलेला माणूस १९ अंश ३६ मिनिटं हे 'एकोणीस पॉइंट छत्तीस' असं वाचतो. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, त्यामुळे या एका शब्दाने आमची तुकडी जवळपास सत्तावीस किलोमीटर दक्षिणेला जाते. असा एक आकडा आम्हाला एकदा आला होता. पाऊस होता, रात्र होती. सुदैवाने गावातल्या एकाला त्या मुलांनी सकाळी वाट विचारली होती म्हणून डोंगर तरी कळला. तेव्हा ॲपमध्ये दशांशच ठेवा, 'पॉइंट' स्पष्ट म्हणा, पॉइंटनंतर चार आकडे द्या. चार आकड्यांत अकरा मीटरपर्यंत जागा कळते, आम्हाला तेवढी पुष्कळ आहे. आणि सांगितल्यावर तिथून हलू नका.

घाटवाटकर

सगळ्यांचे आभार. दोरखंड, तुमचा प्रतिसाद छापून ट्रेकच्या पिशवीत ठेवलाय.

काल भाचा मित्रांबरोबर रतनगडावर गेला होता. त्याला सांगितलं होतं की नेढ्यात (माथ्यावरच्या कातळातलं आरपार भोक) पोचलास की फ्लाइट मोडमध्ये आकडे लिहून घे आणि उतरताना रेंज येईल तिथून एसएमएस कर, नेढ्यात बसलोय हे मात्र लिहू नकोस. दुपारी तीनला मेसेज आला, पॉइंटनंतर चार-चार आकडे. मी संगमनेरला घरी बसून नकाशावर टाकले. ठिपका नेढ्याच्या अगदी शेजारी, बारा-पंधरा पावलांवर पडला. वहिनी शेजारीच होती, तिने नकाशा मोठा करून दोनदा पाहिला. पुढच्या रविवारी तिलाही आकडे वाचायला शिकवायचे आहेत.